बाबांचं वाळवंट ठरवताना

द्वारका, नवी दिल्ली
मे २००४

प्रिय लुंबिनी,

सप्रेम जयभीम.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. घरात फोन असताना आई पत्र काय लिहीत बसली, असं म्हणशील. अगं, फोनवर आपण दोघी आधी रडतो, मग एकमेकींना जेवलीस का विचारतो आणि ठेवून देतो. कामाचं बोलणं राहूनच जातं. आणि रविवारी तुझा फोन येतो तेव्हा अतुल गुरगावहून आलेला असतो आणि नेमका फोनशेजारच्याच खुर्चीत बसलेला असतो. म्हणून हा कागद.

विषय तुला माहीतच आहे. बाबांच्या रक्षेचं काय करायचं? फेब्रुवारीत ते गेले, आता मे संपत आला आणि घोडं अजून तिथंच अडलंय. अतुलनं मला न विचारता लेहची विमानाची तिकिटं काढून टाकली आहेत, त्याचं आणि माझं, पाच जूनची. "आई, तू बिल्कुल टेन्शन घेऊ नकोस, सगळं अरेंज केलंय" म्हणतो. जशी काही मी मीटिंगला येणारा साहेबच आहे.

त्याचंही चुकतं असं नाही. इस्पितळात बाबा शुद्धीत होते तेव्हा आम्ही दोघंही पलंगाशी होतो. अहिल्याबाई, त्या समोरच्या फ्लॅटमधल्या, भेटायला आल्या होत्या आणि त्यांच्या कुणाचं तरी यमुनेत विसर्जन केल्याचं सांगत बसल्या. काय बाई तरी, आजारी माणसापुढं काय बोलावं याचा काही पोच! त्या गेल्यावर बाबा म्हणाले, "रमा, मला पाण्यात नको. वाळवंटात ठेवा." एवढं बोलून दमले आणि झोपले. कुठल्या, ते सांगितलंच नाही. आयुष्यभर फाइलींवर "कृपया चर्चा करें" लिहून फाइल परत पाठवणारा माणूस, जातानाही तेच करून गेला.

कुठल्या हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या घरात पडला असता सांग? लोक वर्षं लग्नकार्यांवरून मोजतात, आपण एल.टी.सी.च्या ब्लॉकवरून मोजली. चार वर्षांतून एकदा सरकार देशात कुठंही फिरवून आणायचं. बाबांच्या सेक्शनमधली माणसं केरळ, गोवा, अगदी अंदमानपर्यंत जाऊन यायची, फोटो दाखवायची. आपलं मात्र दर ब्लॉकला वाळवंट! त्यांच्यातले शर्माजी तर विचारायचे, "रावसाहब, आपके घर में रेत कम पड़ती है क्या?" मी किती वेळा म्हटलं असेल, अहो, एकदा तरी काही हिरवं दाखवा. हसायचे नुसते.

आता मी एकटी बसून ती सगळी वाळवंटं पुन्हा फिरून येते. तूही माझ्यासोबत चल, म्हणजे तुला कळेल मी का अडले आहे ते.

दिसायला सगळ्यांत देखणं जैसलमेरचंच, यात वाद नाही. आठवतं ना, जोधपूरहून ती छोट्या लाइनची गाडी, खिडकीतून वाळू आत येऊन पोळ्यांत कचकच लागत होती. तू आणि अतुल सम गावच्या टेकडीवरून घसरत खाली यायचात आणि पुन्हा चढायचात. काय मऊ वाळू ती! दुपारी पिवळी, दिवस कलला की केशरी, आणि ऊन गेलं की इतकी गार की पाय ठेववत नव्हता. बाबा चप्पल हातात घेऊन लांबवर चालत गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "रमा, लहानपणी आमच्या गावात कुठल्या वाटेनं जायचं आणि कुठल्या वाटेनं नाही, ते मला चालता येऊ लागलं तेव्हापासून पाठ होतं. इथं वाटच नाही गं." तेव्हा कळलं मला, या माणसाला वाळवंटाचं एवढं वेड का ते. त्यापुढं मी हिरव्याचा हट्ट थोडा कमी केला.

पण पुढचं तुम्हा मुलांना माहीत नाही. उंटवाल्यानं चहा मागवला होता, मोठा गोड माणूस, अतुलला खांद्यावर घेऊन फिरत होता. बोलता बोलता त्यानं बाबांना पूर्ण नाव विचारलं. बाबांनी सांगितलं. नुसतं नाव नाही, त्याला जे विचारायचं होतं तेही सांगून टाकलं, आवाज न चढवता. मग चहा आला, पण आधी दिसले होते ते कप नव्हते, वेगळे काढून ठेवलेले आले. बाबांनी आपला कप वाळूत ठेवला आणि तुम्हाला हाका मारल्या, चला रे, गाडी चुकेल. गाडीला पुष्कळ अवकाश होता. सांग लुंबे, वाळू कितीही देखणी असो, तिथं मी त्यांना कायमचं ठेवू?

मग कच्छ. तिथलं रूप निराळंच, वाळू नाहीच, मीठ. काळ्या डुंगरावरून खाली बघितलं तर पार आभाळाला टेकेपर्यंत दूध सांडल्यासारखं. तू खाली उतरल्या उतरल्या जमीन चाटून बघितलीस, एवढी मोठी कॉलेजातली मुलगी! जैसलमेरला सारखं काहीतरी हलत असतं, वारा, उंट, गाणारे लोक. रणात काहीच नाही. आपला आवाजसुद्धा परत येत नाही. बाबा त्या दिवशी जेवायचंही विसरले. मला विचारशील तर त्यांना मनापासून आवडलं ते हेच, आणि मी जवळजवळ ठरवलंही होतं. अतुलला सांगणार, तेवढ्यात आठवलं. पावसाळ्यात तिथं समुद्र आत येतो. सगळं रण पाण्याखाली जातं, बोटभर जमीन दिसत नाही. पाण्यात नको म्हणाले होते ना? मग झालं तर. कच्छही बाद.

आपली ही द्वारका धरायची का वाळवंटात? हसू नकोस. सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडून आपण इथं आलो तेव्हा काय होतं इथं? बाभळीसारखी कीकराची झुडपं, अर्धवट सोसायट्या आणि पाण्याचा टँकर. मे महिन्यात आंधी आली की ताटात वरण कमी आणि धूळ जास्त. ऑटोवाले नाव ऐकूनच मान हलवायचे. मी रडकुंडीला आले होते, आणि हे बाल्कनीत उभे राहून म्हणतात कसे, "आता एल.टी.सी. कशाला हवी, वाळवंट दारात आलं!" आता ते वाळवंटही राहिलं नाही. समोर मॉल होणार म्हणतात, मेट्रोचे खांब उभे राहिलेत, कीकर होते तिथं गाड्या लागतात. एवढ्या गर्दीत त्यांना जागा कुठली?

राहिलं लडाख. एम.ए.ची परीक्षा होती म्हणून तू आली नव्हतीस, तेव्हा नीट सांगते. बाप्पा, तो खार्दुंगचा घाट! मी डोळे मिटून बसले होते, उघडले तेव्हा खाली नुब्रा. चारी बाजूंनी बर्फाचे डोंगर आणि मध्ये वाळू, राखाडी, पिठासारखी. बाजूनं नदी वाहते, पण वाळू आपली कोरडी ठणठणीत. दोन वशिंडांचे उंट काटेरी झुडपं खात होते, थंडीनं अंगावर लोकरीचे पुंजके. जैसलमेर बघून माणूस हौसेनं फोटो काढतो, कच्छ बघून गप्प होतो. इथं मात्र बाबा गोष्टी सांगायला लागले, त्यांच्या आईच्या, चंद्रपूरच्या. डिस्कितच्या गोम्पात, तिथल्या बौद्ध मठात, एका म्हाताऱ्या भिक्खूनं त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. बाहेर आल्यावर बाबा डोळे पुसत होते, मला म्हणाले, वाऱ्यानं पाणी आलं.

म्हणजे अतुलनं निवडलं ते बरोबरच. त्यात खोट काढायला जागा नाही. तरी मी काढली. म्हटलं, अरे, तिथं त्यांना रात्रभर श्वास पुरत नव्हता, उशीला टेकून बसून होते. आणि थंडी किती! दिल्लीत दिवाळीपासून कानटोपी घालणारा माणूस तो.  अतुल हळूच म्हणाला, "आई, अब उनको ठंड कैसे लगेगी?" मला एवढा राग आला की उठून आत गेले. त्या दिवशी तो न जेवता परत गेला. पोरगं वाईट नाही गं. बापाची शेवटची इच्छा पुरी करायची म्हणून धडपडतंय, आणि आईनं काय तर थंडीचं कारण सांगितलं!

लुंबिनी, तुझ्यापाशी आता काय लपवू? कुठलंच वाळवंट मला पसंत पडायचं नाही. उद्या तू याहून चांगलं शोधून आणलंस तरी मी त्यात काहीतरी काढीन. कलश आमच्या खोलीत आहे, पलंगाच्या त्यांच्या बाजूला, स्टुलावर. सकाळी मी पडदा सारते ती त्यांना उजेड लागतो म्हणून. भाजी काय करू विचारते. उत्तर येत नाही, पण तसं आधी तरी कुठं यायचं, "काहीही कर" म्हणायचे. मला वेड लागलेलं नाही, ते गेले हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तू अतुलची मोठी बहीण आहेस, तुझं तो ऐकतो. त्याला फोन कर. आईचे गुडघे दुखतात म्हण, डॉक्टरांनी विमान नको म्हटलंय म्हण, काय वाटेल ते सांग, फक्त ती तिकिटं रद्द करायला लाव. आणि मी नाही तर एकटाच जाऊन येतो म्हणाला, तर तेही करू देऊ नकोस. सगळे मला म्हणतात, रमाबाई, आता एकट्या कशा राहणार एवढ्या घरात? मी अजून एकटी राहिलेच नाहीये गं. ते पाच तारखेपासून सुरू होईल.

तुझीच,
आई