रंगवलेल्या मिशा

मंगळवार, संध्याकाळ

आज नगरला यांच्या रक्ताचा रिपोर्ट दाखवायला गेलो. हे घोडेगावच्या बाजारात बैल विकणारे. विकायच्या बैलाची शिंगं रंगवतात, तशा मिशा काळ्या करून निघाले डॉक्टरकडे! चिडलेच मी. कुणाला फसवायचं होतं?

डॉक्टरीणबाईंनी मिशांकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, "नेहमीच्या तपासणीत किडनी बरी दिसतेय. पण ही नवी रक्ततपासणी सांगते, आतून ती लवकर खराब होण्याचा धोका आहे. वेळेवर कळलं, आता जपता येईल. गुडघ्यासाठी मनाने घेता त्या गोळ्या मात्र आजपासून बंद."

माझं कधी ऐकलं नाही, पण बाईंना लगेच "व्हय" म्हणाले. येताना एसटीत स्वतःशीच हसले. "शिंगं न्हाई बघितली बाईंनी, थेट खरं वय सांगणारे दात बघितले. लई पारखी हाय."

देव भलं करो त्या बाईंचं.

बाजारातून न विकलेला बैल परत आणावा लागला की यांचं तोंड उतरतं. आज मी यांना परत आणलं, आणि दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्या मिशांवरूनसुद्धा.