गप्प दुकानदारांची पूड

पार्मा, शुक्रवार

प्रिय आईस,
लांबच्या लेकाचा वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतो, आणि आज स्वारी भलतीच खुशीत आहे.

आइस्क्रीममध्ये साय आणि पाणी एकजीव ठेवायला जी पूड घालतात, ती मुलांच्या पोटात किती जाते याचा आम्ही इथल्या अन्नसुरक्षा कचेरीत हिशोब मांडला. आकडा धोक्याच्या रेषेपलीकडे गेला आणि सगळ्यांचे चेहरे पडले. मग मला कारण सापडलं. छोट्या दुकानांनी आपलं प्रमाण कळवलंच नव्हतं, म्हणून प्रत्येक गप्प दुकानदार कायद्यात बसेल तेवढी सगळी पूड ओततो, असं आम्ही धरून चाललो होतो.

आमच्या प्रमुख कारिनबाई म्हणाल्या, "मग दोनातो, एखाद्या दुकानाचं तोंड उघडून दाखव."

मी लगेच ओरोन्झोला फोन केला. तुझा धाकटा म्हणतो कसा, "दादा, आपल्या दुकानात फक्त अंड्याचा बलक. बाबांनी दारावर लावलेली 'फक्त बलक' ही पाटी विसरलास का?"

आई, त्याचं आइस्क्रीम आपल्या लेच्चे गावच्या ऑगस्टमधल्या उन्हातही ताठ उभं असतं. बलकात इतकी धमक असती तर कोंबड्यांनी देश चालवला असता.

पाटी राहू दे. पण खरं प्रमाण तू त्याच्याकडून वदवून घे. चिमूटभर असेल तर आम्हाला तेच हवंय. मुलांची काळजी मिटेल आणि दुकानांवर बंधनंही येणार नाहीत.

तुझे गुडघे कसे आहेत? ओरोन्झोचा कोसिमो अजून जेवण सोडून आइस्क्रीमच खातो का?

प्रमाण चिमटीहून जास्त निघालं, तर मला सावकाश कळव. आधी कोसिमोच्या हातातली वाटी काढून घे.

तुझाच,
दोनातो