गरम की थंड

बाई, आज सकाळी मी माझाच पाय भाजून घेतला आणि मला ते कळलंसुद्धा नाही. फोड आलेला नाही, घाबरू नका, पण घोट्यापासून चवड्यापर्यंत बिटासारखा लाल झालाय. झालं असं, की मागच्या आठवड्यात पायरी उतरताना घोटा मुरगळला. सूज गेली, ताठरपणा राहिला. म्हटलं, क्लिनिक उघडायला वेळ आहे, एका टबात गरम पाणी, एकात गार, आलटूनपालटून पाय घालावा. लोकांचे एवढे घोटे चालते केले, स्वतःचा काय अवघड? गरम टबात पाय घातला तर पाणी मेलं कोमट. मी गिझरला शिव्या घातल्या, गॅसवरचं कढत पाण्याचं पातेलं आणलं आणि अर्धं ओतलं. तरी कोमटच. मग सहज हात घातला आणि "आई गं!" करून ओरडले. घरात कुणीच नव्हतं, त्यामुळे त्या ओरडण्याचं पुढं काही झालं नाही. पाय बाहेर काढून मी त्याच्याकडे बघत बसले. पेशंटचा पाय असतो तसा तो समोर होता, आणि याच्या घरच्यांना आता काय सांगायचं, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं.

पेशंटसाठी मी रोज आधी कोपर बुडवून पाणी बघते. तुम्ही लावलेली सवय, मोडणार कशी? आज नाही बघितलं, का, तर घरचाच मामला. शुगर मला तुम्ही गेल्यानंतर निघाली, तीही आता जुनी झाली. प्रत्येक शुगरवाल्याच्या पायाला मी गरम आणि गार पाण्यानं भरलेल्या काचेच्या नळ्या लावून कळतंय का ते बघते, त्याशिवाय शेकाला हात लावत नाही. आपल्या पायाला मात्र कधी लावल्या नाहीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणाल तुम्ही. म्हणा. कुणीतरी म्हणायला पाहिजेच आहे.

दिवसभर तो आपला फिजियोथेरपीचा विभाग आठवतोय. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, पत्र्याखाली. एका कोपऱ्यात हॉट पॅक उकळणारी टाकी, दुसऱ्या कोपऱ्यात पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी. उज्जैनचा मे महिना, लू चाललेली, आणि निम्मे पेशंट शेक संपला तरी उठत नाहीत, बर्फाजवळ सरकून बसतात. तुम्ही सांगलीकडच्या, माझ्या तोंडून 'सिकाई' ऐकलं की कपाळाला हात लावायच्या. "अगं, शेक म्हण शेक. मराठी आहेस ना तू?" मी म्हणायची, "बाई, आम्ही इथले, आमची मराठी अशीच." तुम्ही हसायच्या. पण कामात हसणं नाही. ते पुजारी महाराज आठवतात? गुडघे गेलेले, शुगर भरपूर, आणि स्वभाव इतका गोड की कुणाला नाही म्हणून म्हणायचे नाहीत. मी नळी लावून विचारते, "महाराज, गरम लग रहा है ना?" आणि ते म्हणतात, "हाँ बेटी, बहुत बढ़िया." तुम्ही मागे उभ्या. सगळ्यांसमोर माझ्या हातातली नळी काढून घेतलीत. "तू विचारते आहेस की सांगते आहेस? 'लागतंय ना' म्हटल्यावर भला माणूस हो म्हणणारच. काय लागतंय, असं विचार आणि गप्प बस." मग तुम्ही स्वतः त्यांच्यापुढं खाली बसलात, त्यांना डोळे मिटायला लावलेत आणि अंगठ्याला नळी लावून थांबलात. महाराज बराच वेळ विचार करत राहिले. शेवटी म्हणाले, "आप ही बता दो." त्यांना तुम्ही शेक दिलाच नाहीत. आणि मला टाकीजवळ नेऊन म्हणालात, "ज्याला ऊन-गार कळत नाही, त्याला एकटं सोडायचं नाही. चहा प्यायलासुद्धा जायचं नाही."

हे वाक्य मी पुढं किती मुलींना ऐकवलं असेल! तुमच्यासारखा आवाज काढून. इथंच उज्जैनला, माधव नगरात, मी हे क्लिनिक उघडलं तेव्हा सगळ्यांनी देवाच्या तसबिरी आणल्या, घड्याळं आणली. तुमची तोवर इंदूरला बदली झाली होती. तुम्ही बसनं आलात, आणि मी देवास गेटच्या बसस्टँडवर घ्यायला आले तर तुमच्या पायाशी सुतळीनं बांधलेलं हे भलंमोठं खोकं. आत काय, तर तुमच्या घरचे वापरून वापरून मऊ झालेले टॉवेल. माझे मिस्टर बघतच राहिले. तुम्ही त्यांना सुनावलंत, "नवे टॉवेल पाणी टिपत नाहीत आणि पाठीला टोचतात, जावईबापू. दुकान सजवायचं असेल तर नवे घ्या." मिस्टर पुढं कितीतरी वर्षं तुमची नक्कल करायचे. आता तेही नाहीत. नक्कल कुणी करत नाही घरात, कुणाचीच.

लेक बंगलोरला आहे. रोज ऑफिसातून घरी जाताना फोन करते आणि पहिलंच विचारते, "आई, बरी आहेस ना?" बघा, 'ना' लावूनच विचारते. मग मी भली बाई, म्हणते, बरी आहे. ती वाईट नाही हो, ती फार चांगली आहे. मिस्टर गेल्यापासून मागे लागली आहे की क्लिनिक बंद कर, घर काढून टाक, आमच्याकडे ये. मी म्हणते, माझे हातपाय धड आहेत तोवर मी इथून हलायची नाही. आणि आज हा पाय. मुद्दा एवढाच आहे, बाई. तुमचा नियम मला लागू करायचा, तर मला एकटं सोडता येत नाही. पायांचं ऊन-गार कळणं गेलं तर उद्या हाताच्या बोटांचं जाईल, मग मी कुणाच्या पाठीला कुठल्या हातानं शेक देऊ? आणि त्या बंगलोरच्या सातव्या मजल्यावर बसून करू तरी काय?

पण नक्की गेलंय का, हे तर बघायला हवं. म्हणून क्लिनिकला सुट्टीची पाटी लावली आणि नळ्या घेऊन बसले. आणि काय सांगू, ही परीक्षा एकटीला घेताच येत नाही! डोळे मिटले तरी कुठल्या हातात गरम आहे ते हाताला ठाऊक. हातांना फडकी गुंडाळली, नळ्या पाठीमागे नेऊन इकडच्या तिकडे केल्या, लहान मुलं करतात तसं. तरी कळायचंच. परीक्षा घेणारी मीच, देणारी मीच, पेपर फुटणारच की! हसूही आलं आणि रडूही आलं. समोरच्या दुकानवाल्याला बोलवावं? पेशंटला सांगावं? म्हणजे हात दाखवून अवलक्षण. दुपारपर्यंत सगळ्या माधव नगरात झालं असतं, की फिजियोवाल्या मॅडमना स्वतःलाच कळत नाही. बाई, निवृत्तीनंतर तुम्ही इतकी वर्षं एकट्या राहिलात. तुमच्या पायाला नळी कोण लावत होतं? मी कधी विचारलंच नाही.

शेवटी पोळ्या करायला येते तिला सांगितलं. इथलीच, माळव्यातली, माझ्याच वयाची, तोंडानं फटकळ. आधी म्हणाली, "हाय राम दीदी, ये कौन-सा टोटका है?" जादूटोणा नाही गं, म्हणून समजावलं. नळ्या तिच्या हातात नीट बसेनात, तर तिनं सरळ दोन वाट्या घेतल्या, एकीत गरम पाणी, एकीत फ्रीजचं, आणि दोन चमचे. मी खुर्चीत बसले, पाय स्टुलावर ठेवले, डोळे मिटून वर हात दाबून धरले. तिनं नडगीला चमचा लावला. मी म्हटलं, "ठंडा." बरोबर. गुडघ्याखाली, "गरम." बरोबर. "अरे वा, दीदी तो पास हो गईं," ती म्हणाली, आणि मला इतकं बरं वाटलं, कुणी मार्कं दिल्यासारखं. घोट्याशी मी अडखळले. चवड्यावर दोनदा चुकले. चमचे वाटीत ठेवल्याचा आवाज आला. मी पुढच्या चमच्याची वाट बघत राहिले. आणि बोटांवर हळूच ऊब आली. अगदी हलकी, पण आली, पसरलीसुद्धा. मी ओरडलेच, "गरम! गरम है, बिल्कुल गरम!"

"दीदी," ती म्हणाली, "अभी कहाँ लगाया? मैं तो पानी बदलने आई हूँ."

डोळे उघडले. ती ओट्याशी उभी होती, पाठमोरी. माझ्या पायाजवळ कुणीच नव्हतं.

पोळ्या झाकून ती गेली. मला म्हणाली, बिटिया को फोन कर लो. संध्याकाळ झाली, लेकीचा नेहमीचा फोन आता येईलच, आणि मी हे लिहीत बसले आहे. तुम्ही गेलात तिथला पत्ता असता तरी हे तुम्हाला धाडलं नसतं, कारण उत्तर मला पाठ आहे. फक्त एक सांगते, ते ना लेकीला सांगता येणार, ना हिला. ते 'गरम' मी पास व्हायला म्हटलं नव्हतं, बाई. मला खरंच वाटलं होतं, कुणीतरी माझ्या पायावर हात ठेवलाय.