थोरलीचा अबोला

४ ऑक्टोबर

आलो बाई एकदाचे! सामान उतरवताना आरशाचा एक कोपरा उडाला, बाकी सगळं धड. नवऱ्याची बदली ठरली तेव्हापासून मी वेगळ्या घराचा हट्ट धरला होता, पण याचं आपलं एकच, आई आहे, दादा-वहिनी आहेत, भाडं कशाला भरायचं. खरं सांगते, इथे आल्यावर बरं वाटलं. वरच्या दोन खोल्या आमच्या. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पलंगावर धुतलेली चादर घालून ठेवली होती आणि भावजींनी गळका नळ बदलून घेतला होता. जाऊबाईंचा मुलगा शिकायला बाहेरगावी असतो, त्याची जुनी खेळणी त्यांनी चिमीसाठी पुसून मांडून ठेवली होती. आमची चिमी सहा वर्षांची, नवख्या माणसाकडे सहसा जात नाही. जाऊबाईंनी तिला काहीतरी कानात सांगितलं आणि ही खिदळत सुटली. काय सांगितलं ते मला सांगायला दोघी तयार नाहीत. असू दे, मला तेवढाच पेटारे उघडायला वेळ मिळाला.

७ ऑक्टोबर

नोकरी लागली! नवऱ्याच्या मित्राची ओळख होती, पण मुलाखत मीच दिली, तेव्हा श्रेय माझं. या शहराची 'चौक' नावाची एक ऑनलाइन जागा आहे. कचरागाडी आली नाही, दातांचा डॉक्टर कोण चांगला, कुणाची गाडी कुणाच्या फाटकासमोर, सगळं लोक तिथे लिहितात आणि तिथेच भांडतात. आम्ही मॉडरेटर. गल्लीतल्या भांडणात मध्ये पडणारी एक बाई असते ना, ती मी. फक्त पगारी.

चष्म्याच्या दुकानावर ऑफिस आहे. सरांनी आज काम समजावलं. शिवी किंवा धमकी असली तर पुसायची. पुन्हा केलं तर कडी लावायची, म्हणजे त्या माणसाला महिनाभर लिहिता येत नाही. पण दोन्हींनी लोक खवळतात, आमचं तोंड दाबलं म्हणतात. त्यावर सरांनी काढलेला उपाय म्हणजे पडदा. पडदा टाकलेल्याला काही कळत नाही. तो लिहीत राहतो, त्याचं त्याला दिसत राहतं, बाकी कुणाला दिसत नाही. सर मोठ्या अभिमानानं म्हणाले की आम्ही कुणाचंच बोलणं बंद करत नाही, बोलायला सगळे मोकळे आहेत, ऐकू जाईल असा शब्द कुणी दिलाय? नियम एकच. ज्यानं पडदा टाकला त्यानं पडद्यामागचं वाचत राहायचं. कुणीतरी वाचलं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल.

शेजारच्या टेबलावर पन्नाशीचे एक गृहस्थ असतात. सगळ्यांत जुने म्हणून त्यांना आजोबा म्हणतात. दोन्ही कानांत कापूस. सर्दी झाली का विचारलं, तर म्हणाले, नाही, सवय.

१२ ऑक्टोबर

एका बाईनं लिहिलं की अमक्या डॉक्टरांनी न केलेल्या तपासणीचे पैसे घेतले. डॉक्टरांची तक्रार आली, पुसा म्हणून. मी पुसायला निघालेच होते. आजोबांनी थांबवलं. बोलणं कडू आहे पण शिवी नाही, म्हणाले, राहू दे, आणि डॉक्टरांनाही उत्तर लिहू दे. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी चूक कबूल करून माफी मागितली. मला अगदी भरून आलं. काम असावं तर असं!

घरी येऊन हे सांगायला लागले, तर कुणाचं लक्षच नाही. सगळे जाऊबाईंच्या भोवती. कळलं ते असं, की चौकावर जिच्या गमतीजमती वाचायला अख्खं शहर टपलेलं असतं, ती 'तिखटमीठ' म्हणजे आमच्या जाऊबाई! नवरा वाचून दाखवत होता आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. मी सांगितलेल्या गोष्टीला इतका कधी हसला नाही. हसले मी पण. दात दिसतील एवढं.

१६ ऑक्टोबर

मी पण चौकावर लिहून पाहिलं, घर बदलण्याच्या धांदलीवर. चार जणांना आवडलं. त्यातला एक माझा नवरा, एक भावजी. जाऊबाईंनी खाली लिहिलं, 'आमची धाकटी! शाब्बास!' शाब्बास म्हणे. मी काय पहिलीतली पोर?

चिमी माझ्याकडे झोपत नाही हल्ली. काकूची गोष्ट अर्धी राहिलीय म्हणते. गोष्ट रोज अर्धी राहते. इतकी कशी बरोबर झोपायच्या वेळेला अर्धी राहते, ते मला चांगलं कळतं. मी दिवसभर राबून येते, डोकं दुखत असतं, अभ्यास मीच घ्यायचा, दात घासायला मीच ओरडायचं, आणि गोड बोलून पोर यांनी पळवायची. जळते मी, जळते. इथे लिहायला काय लाज!

१९ ऑक्टोबर

आज तळपायाची आग मस्तकात गेली. तिखटमीठनं लिहिलं, 'आमची चिमी शाळेत म्हणाली, मला दोन आया आहेत. एक रागावणारी, एक गोष्ट सांगणारी. बाईंनी विचारलं, तुला घर कधी आवडतं? तर म्हणे, रागावणारी कामावर जाते तेव्हा.'

शहरभर हशा. ऑफिसात सर पण हसले. रागावणारी शेजारी बसलीय हे त्यांना ठाऊक नाही.

लहान मुलांची खासगी माहिती लिहू नये असा नियम आहे. मी आजोबांना दाखवलं. ते म्हणाले, नियम मोडतोय खरा, तेवढी एक गोष्ट पूस आणि का पुसली ते त्यांना सांग, झालं. मी मान डोलावली. ते चहाला खाली गेले आणि मी जाऊबाईंवर पडदा टाकला. सगळ्यावरच. अंगात थंडगार वाटलं, उन्हातून सावलीत आल्यासारखं.

२० ऑक्टोबर

जेवताना जाऊबाईंनी आईंना विचारलं, भाजी वाढू का? आई काही बोलल्या नाहीत. जाऊबाईंनी पुन्हा विचारलं. आई माझ्याकडे वळून म्हणाल्या, थोरलीचं काय बिनसलंय आज, तोंडातून शब्द नाही. मला वाटलं आई थट्टा करतायत. मग जाऊबाईंनी नवऱ्याला काहीतरी विनोद सांगितला. चांगला होता. तो खाली मान घालून जेवत राहिला.

मी पाहिलं, मी ऐकलं. फक्त मीच.

कळत नसल्यासारखं मी पाणी प्यायले.

२२ ऑक्टोबर

घरात सगळे म्हणतायत की थोरलीनं अबोला धरलाय. भावजींनी हात जोडून पाहिले, माझं काय चुकलं ते तरी सांग म्हणाले. ती बिचारी कानीकपाळी ओरडून सांगत होती, अहो, मी बोलतेय! त्यांना तिचे ओठ मिटलेले दिसतात.

तिनं कागदावर लिहून आईंना दिलं. आईंनी चष्मा लावून पाठपोट पाहिलं आणि विचारलं, कोरा कागद काय देतेस? मी मागून पाहिलं. अक्षर चांगलं ठसठशीत होतं. 'मला काय झालंय? मला कुणीतरी ऐका.'

सरळ सांगायचं तर मी घाबरले. उद्या पडदा उठवते.

२३ ऑक्टोबर

उठवणारच होते. पण काल चिमी उशी घेऊन माझ्याकडे आली. काकू माझ्याशी कट्टी आहे म्हणाली आणि रडली. मग माझ्या कुशीत शिरून म्हणाली, तू सांग गोष्ट. मला एकही धड येत नाही, तरी सांगितली. तिनं गळ्यात हात टाकला. कितीतरी दिवसांनी!

दाराबाहेर जाऊबाई उभ्या होत्या. चिमी, कट्टी नाही गं, कट्टी नाही, असं म्हणत होत्या. मी गोष्ट जरा मोठ्यानं सांगितली.

आठवडाभर राहू दे. पोर माझी आहे. तिला माझी सवय होऊ दे.

२६ ऑक्टोबर

जाऊबाई दिवसभर बोलतात. भांड्यांशी, भिंतीशी, चौकावर. तिथे लिहितात, 'कुणी आहे का?' ते वाचायचं काम माझं. लोक विचारतायत, तिखटमीठ कुठे गेली? दोन दिवस विचारलं, मग दुसऱ्या कुणाच्या गमतीला हसू लागले.

मी बाकीच्यांसारखी वागते. त्या समोर येऊन बोलल्या तरी पापणी हलवत नाही. अवघड आहे. शिंकलेल्या माणसाकडेसुद्धा आपण बघतो.

आजोबांना आडून विचारलं. त्यांनी कानातला कापूस काढला. त्यांच्याही हातून एक पडदा पडला होता. बायकोवर. उद्या उठवू, उद्या उठवू करत राहिले. उठवला तेव्हा तिनं बोलायचंच सोडलेलं होतं. आता घरातली शांतता ऐकवत नाही म्हणून कापूस. मला म्हणाले, आजच उठव, इथेच, माझ्यासमोर. मी म्हटलं, मी कुठे टाकलाय? मी सहज विचारलं.

२८ ऑक्टोबर

आज जाऊबाई किंचाळल्या की आई न्हाणीघरात पडल्या. मी हातातलं टाकून धावले. आई पाटावर बसून शेंगा सोलत होत्या. धापा टाकत माझ्याकडे काय बघतेस, म्हणाल्या.

मागून जाऊबाई आल्या, दुखरा गुडघा धरून, लंगडत. हसत होत्या आणि रडत होत्या. म्हणाल्या, तुला ऐकू येतं. एवढंच बघायचं होतं मला. तुला पहिल्यापासून ऐकू येतंय.

मग त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, तूच केलंस ना?

मी वर निघून आले.

२९ ऑक्टोबर

पाठ सोडत नाहीत. ऑफिसला निघाले तर फाटकापर्यंत. परत आले तर फाटकात. शिव्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणतात, बाकी कुणाला नको, एका चिमीला ऐकू येऊ दे. तिला सांगू दे की मी रुसले नाही. मग हवं तर पुन्हा टाक.

चिमीच हवी! सगळं सोडून चिमीच!

३० ऑक्टोबर

पडद्याच्या बटणावर बोट ठेवलं होतं. खरंच ठेवलं होतं. सरांनी हाक मारली. मग राहिलं —

चिमीनं चित्र काढलंय. त्यात मी, बाबा, ती. काकू नाही. फ्रेम करून घेणार आहे.

१ नोव्हेंबर

झोप नाही. त्या जिन्यात बसून बोलतात. कापूस घालून पाहिला. उपयोग नाही. आवाज कानातून येतच नाही बहुतेक —

चिमीची गोष्टच सांगतात. तीच, अर्धी राहिलेली. आता मलाच पुढे काय होतं ते ऐकावंसं वाटतं.

२ नोव्हेंबर, सुट्टीचा दिवस

दुपार. दोघे भाऊ बाजारात गेलेत, आई मागच्या अंगणात. मी खोलीला आतून कडी घातलीय. चिमी खेळतेय वर कुठेतरी.

सुरू झालं. दार बडवतायत.

आता काय तर म्हणे, चिमी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढलीय. अगदी वर. चांगलं आहे. परवा आई पडल्या होत्या, आज चिमी चढलीय. लांडगा आला रे आला, दुसऱ्यांदा कोण धावतं?

लिहीत बसते. लिहिताना कमी ऐकू येतं.

मी शिडीखालून ओरडले, तिला ऐकू जात नाही, म्हणतात. माझ्या गुडघ्यानं शिडी चढवत नाही, म्हणतात. ती मागे वाकलीय, अंगणात बघतेय, म्हणतात — किती खरं वाटेल असं सांगते ही बाई, उगाच नाही अख्खं शहर —

म्हणे एकदा हाक मार. तू हाक मार, धाकटे. तुझं ऐकेल ती.

तुझंच ऐकेल.

हे लिहून ठेवते. तुझंच ऐकेल ती. जाऊबाईंच्या तोंडून. शेवटी म्हणावंच लागलं ना! आणखी एकदा म्हणू दे. मग उघडते दार. उघडते, आणि पडदाही उद्या —

थांबल्या.

वाक्य अर्धं टाकून. दार बडवणंही —

इतक्या दिवसांत पहिल्यांदा घर शांत. हेच तर हवं होतं मला —

मागच्या अंगणातून आईंची हाक. चिमीला नाही, मला. आईंचा असा आवाज मी कधी —

मी इथूनच चिमीला हाक मारली. चिमी ओ का देत ना —