तापवलेली सळई

अण्णा,

चिडून लिहायला बसले होते, आता चिडलेली नाही. अक्षर बघून बोलू नका. शाळेतून काढून भात्यावर तुम्हीच बसवलं होतं.

बेलापुरात घर बांधतेय. खाली मी, वर लेक, सून आणि नातवंडं. इंजिनीअर एक पोरगी आहे, श्रीरामपूरची. पहिल्याच दिवशी तिला म्हणलं, माझी थोरली बहीण भूकंपात घराखाली गेली, मला नातवंडांवर पडणारं घर नको. तिनं जास्त ताकदीची सळई सांगितली. महाग. मी कुरकुरले, पण घेतली. आक्काला मातीतून काढून तुम्ही परत आला तो दिवस आठवला. ओट्यावर बसला होता, नखं फुटलेली, पाणी दिलं तरी घेत नव्हता.

उन्हाळ्यात कोपऱ्याच्या खांबाच्या सळया पायाच्या काँक्रीटमधून तिरप्या निघाल्या. वाकता वाकेनात. पोरगी आलेली नव्हती, आणि थांबणं मला जमत नाही. मिस्त्री म्हणाला, "गॅसनं तापवू का? लोहाराची लेक तुमी, तुमाला मी काय सांगायचं!" मला तुमचा आवाज आला. मी लहान आहे, थंड पट्टीवर हातोडा घालतेय आणि तुम्ही ओरडताय, "ए घायकुते! लाल हू दे आधी. फोडशील लोखंड." म्हणलं, तापव. सळया लाल झाल्या, मुकाट वळल्या. मी खूश.

दुसऱ्या दिवशी पोरीनं काळ्या पडलेल्या सळया बघितल्या. "काकू, हे कुणी केलं?"

"मी. बाप लोहार होता माझा."

"त्यांचं लोखंड वेगळं होतं. हिचं बळ वरच्या सालीत असतं. कारखान्यात लालबुंद सळईवर पाणी मारून ती साल कडक करतात. परत तापवली की मऊ पडते. जमीन हलली तर हा खांब आधी जाईल."

मी भांडले. चांगली भांडले. मग तिनं उरलेला एक तुकडा तापवून गार करायला लावला, दुसरा तसाच ठेवला, आणि दोन्ही तुकडे टोकाला पाइप घालून वाकवायला सांगितले. न तापवलेल्या सळईवर मिस्त्री नुसता लोंबकळला. मी पदर खोचून जोर लावला तेव्हा कुठं ती वळली. तापवलेली त्यानं एकट्यानं वाकवली. म्हणाला, "बाई, ही तर मेली की वो!"

त्याच खांबावर नातवंडांची खोली येणार होती. खांबाचं काँक्रीट अजून ओतलं नव्हतं म्हणून वाचलो. कोपऱ्याचा पाया फोडला, नव्या सळया सरळ उभ्या केल्या. परवा वरचा स्लॅब टाकला. आज सकाळी नातवंडं त्यावर पाणी मारत होती, एकमेकांना भिजवत होती, आणि मी खाली निवांत चहा पीत होते. वर बघितलंसुद्धा नाही.

स्लॅबच्या दिवशी जेवताना पोरीनं विचारलं, "काकू, तुमचे वडील काय म्हणाले असते?"

"त्यांनी ऐकलं असतं तुझं," मी म्हणलं.

खोटं बोलले, अण्णा. तुम्ही तिला हाकलून दिलं असतं, आणि मी तुमच्या बाजूनं उभी राहिले असते. तुम्ही नव्हता, ते बरं झालं. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिता आलं.