ऑटोची दांडी

अण्णा, आज सकाळी मी तुमचं जहाज स्टेशनातून बाहेर काढलं. उद्यमनगरातल्या आपल्या लेथ शॉपला सुट्टी आहे, शटर अर्धं ओढून केबिनमध्ये एकटी बसले आहे. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता दोन वर्षांनी मोठी आहे. केसाएवढी चूक चालत नाही असली कामं मी रोज वेळेत करून देते, चार माणसांचे पगार काढते, वसुलीला आलेल्या माणसाला उभ्या उभ्या परत पाठवते, आणि एका जुन्या खेळातलं चार रेघांचं जहाज चालवताना मला दरदरून घाम फुटला. मला एक गोष्ट दुरुस्त करायची होती. ती तुम्हाला माहीत नाही, असं मी आज सकाळपर्यंत धरून चालले होते.

तुम्हाला तो कॉम्प्युटर आठवतो ना? बंद पडलेल्या एका ऑफिसातून बिलं काढायला म्हणून सेकंडहँड आणलेला. बिलं त्यावर कधी निघालीच नाहीत, पण त्यात कुणीतरी ठेवलेला तो खेळ निघाला. काळा पडदा, पांढऱ्या रेघा. एका ग्रहावर माल घ्यायचा, दुसऱ्यावर विकायचा, वाटेत दरोडेखोर गाठणार, त्यांच्याशी लढायचं नाहीतर पळायचं. दिवस मावळायच्या आत आपली जेवणं उरकायची आणि मग तुम्ही आणि मी ह्याच केबिनमध्ये दोन तास बसायचो. इंग्रजी मी वाचायची, जहाज तुम्ही चालवायचं. मालाची यादी मी पहिल्यांदा वाचून दाखवली तेव्हाचं तुमचं तोंड मला अजून दिसतं. दारू, कातडी, गुलाम. "ह्यातलं काय बी घ्यायचं न्हाई," तुम्ही म्हणालात. "धान्य घे. मशीनचे पार्ट घे." बंदुकीचंही तेच. "ती इकून टाक आन् ढाल घे चांगली. आपण मारायचं न्हाई, पळायचं." मी चिडून म्हणायची, अण्णा, सगळं ब्रह्मांड दारू विकून गब्बर झालंय आणि आपण जैनाचं एकुलतं एक जहाज घेऊन ज्वारी पोचवत फिरतोय. तुम्ही हसायचात, आणि पुढच्या ग्रहावर पुन्हा धान्यच भरायचात.

खरा जीव टांगणीला लागायचा तो शेवटी. स्टेशन म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरणारा एक मोठा डबा आणि त्याला एकच अरुंद दार. त्या फिरत्या दारातून जहाज आत घालायचं. जरा तिरकं गेलं की धडक, आणि जहाज फुटलं की खेळ त्याची नोंदच पुसून टाकायचा. वर्षभराची कमाई, ढाली, सगळं गेलं. दुसरी संधी नाही. म्हणून तुम्ही मला सरावाला वेगळी, नवी कोरी जहाजं काढून द्यायचात, आणि मी ती एकामागून एक फोडायची. तुमचं मात्र पहिल्याच दिवशी आत गेलं. मला रागच आला होता. "अगं, ह्यो लेथच्या चकात धरलेला, गरगर फिरणारा जॉबच हाय की," तुम्ही म्हणालात. "सगळं फिरतंय, पर मधला बिंदू फिरत न्हाई. त्याच्यावर नजर ठेव. आधी सेंटर गाठ, मग दार आपसूक आडवं येतंय. घाई कुठं हाय तुला?" घाई मला सगळीकडंच होती.

त्या खेळात एक यंत्र विकत मिळायचं. ते बसवलं की एक बटण दाबायचं आणि जहाज स्वतःच दारातून आत जायचं. मी मागं लागले होते, घेऊया, घेऊया. तुम्ही त्याला ऑटो म्हणायचात, कारण लेथच्या एका दांडीलाही आपण ऑटोच म्हणतो. ती ओढली की फिरतं लोखंड कापणारं हत्यार आपलं आपण पुढं सरकतं, हाताला काही करावं लागत नाही. तुमच्या शॉपमध्ये नवीन माणसाला वर्षभर त्या दांडीला हात लावायची मुभा नव्हती. वर्षभर चाक हातानं फिरवायचं, लोखंड हाताला कळलं पाहिजे. कुणी चोरून ऑटो लावलाच, तर संध्याकाळी जॉबवर बोट फिरवून तुम्ही सांगायचात, "ह्यो हातानं न्हाई केलेला. लई सरळ आलाय." चांगलं काम केल्याबद्दल माणूस शिव्या खातोय, हे मी फक्त आपल्याच शॉपमध्ये पाहिलंय. तेव्हा जहाजाला ऑटो मिळण्याची आशा नव्हतीच.

मग ती सकाळ. फिरत्या जॉबवर पॉलिश पेपर हातानं धरू नका म्हणून तुम्ही सगळ्या उद्यमनगराला ओरडून सांगायचात, आणि त्या दिवशी घाईच्या ऑर्डरसाठी तुम्ही स्वतःच तो धरला. शॉपमागच्या आपल्या घरात मी शाळेची वेणी घालत होते. मशीन थांबल्याचा आवाज आला, मग काहीच आवाज आला नाही, आणि त्या काही नाहीलाच आई घाबरून धावली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. महिनाभर तुम्ही बोलायचंच बंद केलंत. आई जेवण भरवायला बसली की मान फिरवायचात. त्या दिवसांत मला एवढं कळत होतं की तुम्ही परत शॉपमध्ये उभे राहिला नाहीत, तर आपलं घर उभं राहणार नाही. आणि एका संध्याकाळी तुम्ही आपणहून केबिनमध्ये आलात, हातात भलं मोठं बँडेज, खुर्चीत बसलात आणि म्हणालात, "चल. आता तू ने. सरावाचं न्हाई, आपलं ने."

अण्णा, मी तेव्हा सोळा वर्षांची होते. तुमचं जहाज माझ्या हातून फुटलं तर तुम्ही पुन्हा महिनाभर गप्प बसाल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तेवढ्यात आईनं बँडेज बदलायला तुम्हाला आत हाक मारली. तुम्ही दहा मिनिटं आत होता. त्या दहा मिनिटांत मी ते ऑटो विकत घेतलं. तुम्ही परत येऊन शेजारी बसलात, मी धान्य भरलं, निघाले, दरोडेखोरांना हुलकावणी दिली, स्टेशन समोर आलं. तुम्ही श्वास रोखून पडद्याकडं बघताय. मी उजव्या हातानं बाण दाबल्याचं नाटक करतेय आणि डाव्या हाताच्या करंगळीनं ते बटण दाबतेय. जहाज वळलं, सरळ झालं, अलगद आत गेलं. "जमलं की गं!" तुम्ही ओरडलात. "अगं ए, ऐकलंस का? पोरीचा हात बसला!" अपघातानंतर तुमचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकत होते. आई दारात येऊन रडायला लागली. आता खरं सांगणार कसं?

पुढच्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, पोरीला लेथवर घेतो. आईनं घर डोक्यावर घेतलं. "पोरीची जात, ओढणी गुतली म्हंजी? तुमचं एवढं झालं ते पुरं न्हाई व्हय?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "ओढणी काढून ठेवंल. हात चांगला हाय तिचा." चांगला हात! मी खाली मान घालून उभी होते. पहिल्या दिवशी तुम्ही मला लेथसमोर उभं केलंत आणि पाना घेऊन ऑटोची दांडीच काढलीत. बाकीच्यांना तुम्ही नुसतं सांगायचात. माझ्या मशीनची मात्र दांडी काढून खिशात घातलीत. मला वाटलं, पोरगी म्हणून जास्त कडक. फार लागलं ते मनाला, आणि त्या रागातच मी वर्षभर चाक फिरवलं, तळहाताला घट्टे पडेपर्यंत. जहाजाकडं मात्र फिरकले नाही. अभ्यास आहे, कंटाळा आलाय, काहीही सांगायची. पुन्हा चालव म्हणालात तर पितळ उघडं पडेल, ही भीती. तुम्ही एकटेच कधी दुपारी त्या कॉम्प्युटरसमोर बसायचात, डाव्या हाताच्या एका बोटानं टकटक करत. वर्ष झाल्यावर एक दिवस माझ्या जॉबवर बोट फिरवलंत, खिशातून दांडी काढून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "लाव आता." एवढंच. त्यानंतर चार महिन्यांनी, जेवून उठताना, तुम्ही गेलात.

त्यानंतर कॉम्प्युटर कुणी लावलाच नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर गेला. खंडेनवमीला सगळ्या मशीनना हार पडतात तेव्हा आई त्यालाही एक झेंडू वाहायची, अजून वाहते. गेल्या आठवड्यात माळा झाडायला काढला आणि मी तो उचलून राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडं नेला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "म्याडम, खेळ निघालाय बगा, आन् त्यात एक जहाज बी हाय. तुमच्या लॅपटॉपवर घालून देतो. पर ते फुटलं की पुसतंय, तवा एक कॉपी काढून ठिवू?" मी नको म्हणाले. जी दुसरी संधी तुम्हाला मिळाली नव्हती ती मला कशाला, असं वाटलं. उद्यमनगरात माझी ओळख करून देताना लोक अजून म्हणतात, हिच्या वडलांनी हिचा हात ओळखला होता. तीस-एक वर्षं मी ते ऐकून घेते आणि विषय बदलते. ते वाक्य एकदा तरी खरं करायचं होतं.

तर आज सकाळी. जहाज तसंच उभं आहे, पोटात धान्य, बंदूक नाही. मी निघते. मनात ठरवलंय की हातानंच लावायचं, पण अगदीच जीवावर आलं तर ऑटो आहेच. अर्ध्या वाटेत दोन दरोडेखोर गाठतात. मी पळते, तुम्ही शिकवलं तसं वरखाली होत. मागची ढाल जाते. पुढची निम्मी जाते. केबिनमध्ये पंखा फिरतोय तरी पाठ ओली झालीये. शेवटी ते मागं पडतात आणि समोर स्टेशन उगवतं, गरगर फिरणारं. दार येतं, उभं होतं, आडवं होतं, पुन्हा उभं. आता धक्का लागला तर ढालही वाचवणार नाही. माझी करंगळी, सोळा वर्षांची तीच करंगळी, बटणावर जाते. मी दाबते.

काही होत नाही. पुन्हा दाबते. जहाज सरळ भिंतीवर चाललंय. मी ब्रेक मारून यादी उघडते, जहाजावर काय काय बसवलंय त्याची. ढाली आहेत. जास्तीची टाकी आहे. ऑटो नाही. पुन्हा वाचते. नाही. माझ्यानंतर त्या जहाजाला हात लावणारे तुम्ही एकटेच होता अण्णा. डाव्या हाताच्या एका बोटानं तुम्ही ते काढून विकलं होतंत. म्हणजे त्या संध्याकाळी, जहाज अलगद आत गेलं तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. लई सरळ गेलं होतं ते. जॉबवर बोट फिरवून सांगणारा माणूस तुम्ही, तुम्हाला न कळायला काय झालं? आणि तरी तुम्ही ओरडलात, जमलं की गं. आईला बोलावलंत. मला लेथवर उभं केलंत, आणि फक्त माझी दांडी काढून खिशात घातलीत. कडक म्हणून नव्हतं ते. त्या वर्षात मी तुम्हाला मनातल्या मनात किती बोल लावले, ते आठवून मला इथं हुंदका आला, शटरबाहेरून जाणाऱ्याला ऐकू जाईल एवढा.

मग डोळे पुसले आणि मधल्या बिंदूवर नजर ठेवली. तो फिरत नव्हता. हळूहळू सगळं स्टेशन त्याच्याभोवती फिरायला लागलं, दार आडवं आलं आणि जहाज आत गेलं. कडेला थोडं घासलं. सरळ नव्हतंच गेलं.

हे पत्र तुमच्या जुन्या लेथच्या खणात ठेवणार आहे, हत्यारांच्या खाली. पण ठेवण्याआधी एक सांगायचं राहिलंय, नाहीतर पुन्हा तेच होईल. मी वर लिहिलं की कॉपी नको म्हणाले. म्हणाले होते, हे खरं आहे. पण लॅपटॉप द्यायला गेले तेव्हा दुकानाच्या पायरीवरून परत फिरले आणि त्याला म्हणाले, काढा एक. आज बटण दाबून काही झालं नाही तेव्हा मी ब्रेक मारलाच नव्हता, जहाज भिंतीवर आदळून फुटलं. यादी मी नंतर कॉपी लावून वाचली. रडून झाल्यावर पुन्हा नेलं, पुन्हा फुटलं. त्यानंतर आणखी एक फुटलं. चौथ्या वेळी आत गेलं. पण हातानं, अण्णा.