शून्य नळी

३ मार्च
लागली एकदाची नोकरी! रुग्णालयाची प्रयोगशाळा लख्ख आहे, ऊन थेट माझ्या टेबलावर येतं. काम सोपं पण नाजूक. तेल पाण्यात घुसळून दुधासारखं करायचं, त्यात रुग्णाच्या आतड्यातला रस घालायचा आणि नळी अर्धा तास अंगाइतक्या उबेत ठेवायची. रसाने तेल पचवलं की आम्ल सुटतं. मग ब्युरेटमधून सोड्याचं द्रावण थेंबथेंब सोडायचं, गुलाबी रंग टिकेपर्यंत. जितके थेंब जास्त, तितका रस ताकदीचा. माझा उत्साह बघून प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, नव्याचे नऊ दिवस! घरी हे सांगितलं तर बायको दोन वर्षांत पहिल्यांदा हसली.

७ मार्च
रोज एक 'शून्य नळी' लावायची असते. तिच्यातला रस तेलाला शिवतही नाही, म्हणून बाकीचं मोजमाप तिच्याशी ताडून बघतात. बाईंनी त्यासाठी एका जुन्या रुग्णाचा रस फ्रीजमध्ये जपून ठेवलाय. इतका कोरा रस पुन्हा मिळाला नाही, असं कौतुकाने सांगत होत्या. मला आमची लेक आठवली, मुंगी. चार माणसांचं जेवायची पोर, पण अंगी काही लागायचं नाही. सहाव्या वर्षी गेली.

१२ मार्च
शून्य नळीने आज नऊ थेंब घेतले. बाईंनी माझी चांगलीच हजेरी घेतली. भांडी पुन्हा धुतली, पाणी बदललं, द्रावण नवं केलं. दुपारी वीस.

१३ मार्च
रस उकळून घातला. उकळल्यावर कुठलाही पाचकरस मरतो.
बत्तीस. पाचावर धारण बसली माझी.

१६ मार्च
कुपीवरचा क्रमांक जुन्या नोंदवहीत शोधला. मुलगी, वय सहा. आडनाव माझं. तारीखही तीच, नाकातून नळी घालताना ती माझं बोट सोडत नव्हती तो दिवस.
माझ्या लेकीचं शून्य. नोंदवहीवर डोकं टेकून रडलो.

१८ मार्च
बाईंना सांगितलं. त्यांचे डोळे भरले. कुपी आजच नष्ट करू, म्हणाल्या. मी हात जोडून आठवडा मागून घेतला.
शेवटी शेवटी मुंगी लोण्यासाठी रडायची. पोटात कळा येतील म्हणून मी वाटी फळीवर ठेवायचो. उपाशीच गेली ती. हे बायकोलाही कधी बोललो नाही.

२१ मार्च
तेल दुप्पट घातलं. संपलं. बाटलीही रिकामी. ज्या बोटांनी नळी धरली त्यांची कातडी सैल— आत नुसतं हाड. दुखत नाही.
नळी ठेवून पळालो. जिन्यापर्यंतच. मागे मुसमुसणं. तिचंच, भूक लागल्यावरचं—

२२ मार्च
परत गेलो. बाप आहे मी.

२४ मार्च
डाव्या हाताने लिहितोय. उजवा खांद्यापर्यंत— दार आतून लावलंय. बाहेर बाई. बायकोलाही बोलावलंय. रडतेय. पोर गेली, आता तुम्ही तरी राहा, दार उघडा, म्हणते—
कसं उघडू? पहिल्यांदाच अंगी लागतंय पोरीच्या—

नळीतलं दूध दाराकडे कललंय. आईचा आवाज ओळखला तिने.
नको, मुंगे. आईला नको. इकडे बघ, बाळा, बाबा अजून बराच उरलाय, बाबा पुर—